मध्ययुगीन रहस्यकथा : ना ठसे, ना पोलीस, मग पुरावा कुठला?

मोडीवाचक

ऑगस्ट ११३८. इंग्लंडचा राजा स्टीफन श्रूझबरीचा किल्ला घेतो आणि हाती लागलेल्या शिबंदीतल्या ९४ जणांना फासावर चढवतो. इथवर इतिहास आहे. नदीपलीकडच्या मठातला एक म्हातारा साधू ही प्रेतं मातीला लावायचं काम अंगावर घेतो. एकेकाला पुसून ओळीने ठेवतो, मोजतो, तर भरतात ९५. इथून कादंबरी.

एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेल मालिकेतलं हे दुसरं पुस्तक, 'वन कॉर्प्स टू मेनी' (१९७९). खून पचवायला याहून सोयीची जागा सापडायची नाही. ९४ मेले ते राजाच्या हुकमाने, त्याचा जाब राजाकडे. पण हा जो वरचा एक आहे, त्याचा जाब कुणीच देत नाही, आणि मागणाराही कुणी नाही. म्हातारा अडून बसतो तो एवढ्याचसाठी.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: कॅडफेल वेल्सचा. तरुणपणी पहिल्या क्रुसेडमध्ये लढला, दर्यावर्दी झाला, चाळिशीच्या सुमारास मठात आला आणि तिथली औषधी झाडपाल्याची बाग सांभाळू लागला. काळ ११३७ ते ११४५, स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्या गादीच्या भांडणाचा. २० कादंबऱ्या आणि एक छोटा कथासंग्रह. पहिली १९७७ची, शेवटची १९९४ची. लेखिकेचं खरं नाव एडिथ पार्जेटर. तरुणपणी ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि ते पानापानावर कळतं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. या प्रकारातली चिलखतं, मशाली, भुयारं मला फारशी लागत नाहीत. मला धरून ठेवतो तो पुराव्याचा प्रश्न. आजच्या रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की काम संपतं. मध्ययुगात तिथून काम सुरू होतं. ज्या जगात तापलेलं लोखंड हातात धरायला लावून तीन दिवसांनी जखम बघायची आणि निकाल द्यायचा ही रीत आहे, तिथे तुम्ही चिखलातल्या टाचेच्या खुणेवरून तर्क लढवलात तर तो ऐकणार कोण? आधी तर्काला साक्षीदार म्हणून उभं करायचं आणि मग गुन्हेगाराला. ज्या लेखकाला ही दुहेरी अडचण समजते त्याची कथा जमते. बाकीच्यांचे शेरलॉक नुसते झगा घालून फिरतात.

तुम्ही काय वाचलंय? आणि आपल्याकडे हे कुठे बसेल? शिवकाळ नको, तिथे गर्दी फार आहे. त्याच्या आधीचं बोला.

गवतीचहा

रुमाल टाकून ठेवते. सुरुवात पहिल्यापासूनच करायची का, की हे पंच्याण्णववं प्रेत आधी चालेल?

निशाचर

कॅडफेल वाचलाय, आठ-दहा तरी. झोपेआधी उत्तम. पण मोडीवाचक, तुमच्याच कसोटीवर तो नापास होतो असं माझं म्हणणं. हा माणूस बाराव्या शतकातला वाटतच नाही. धर्मवेड नाही, परधर्माचा राग नाही, बायकांशी बरोबरीने बोलणार, प्रेमी युगुलांना मागच्या दाराने पळवून लावणार. विसाव्या शतकातल्या श्रॉपशरमधले एक सुजाण आजोबा आहेत, फक्त पेन्शन नाही. दर पुस्तकात एक गोरा गोमटा तरुण आरोपी, एक धीट मुलगी, आणि शेवटच्या चार पानांत त्यांचं लग्न. मठातला दुय्यम अधिकारी प्रायर रॉबर्ट नाक वर करून फिरणार, ब्रदर जेरोम चुगल्या करणार. गणपतीच्या आरत्यांसारखा क्रम ठरलेला.

उंबेर्तो इकोचं 'द नेम ऑफ द रोझ' घ्या. मूळ इटालियन १९८०चं, विल्यम वीव्हरचं इंग्रजी भाषांतर १९८३चं. नोव्हेंबर १३२७, उत्तर इटलीतला डोंगरावरचा बेनेडिक्टाइन मठ, सात दिवस, आणि प्रकरणांची वाटणी प्रार्थनेच्या प्रहरांवर. तिथे नायक, साधू विल्यम ऑफ बास्करव्हिल, तपास करतो तो साधा खून नाहीच. ख्रिस्ताच्या मालकीची चीजवस्तू होती की नव्हती, यावर पोप बावीसावा जॉन आणि फ्रान्सिस्कन पंथ यांचं हातघाईवर आलेलं भांडण, त्याची बोलणी करायला मठात जमलेली दोन्हीकडची मंडळी, आणि त्यात बर्नार्ड गी हा खराखुरा, इतिहासातला धर्मन्यायाधीश. विल्यम खूण, तर्क, शक्यता यांवर चाललाय. गीला त्यातलं काही लागतच नाही, त्याला हवाय कबुलीजबाब. आणि जिंकतो गी. त्याच्या हाती जे लागतात ते खुनाशी संबंध नसलेले लोक, पण कबुली मिळते, खटला संपतो. पुराव्याचा प्रश्न तुम्ही म्हणता तो हा.

पहिली शंभर पानं सोडून देऊ नका, एवढंच नवीन वाचणाऱ्यांना सांगतो. ती गाळायचा सल्ला इकोला मिळाला होता, त्याने नाकारला. ज्याला डोंगर चढवत नाही त्याने मठात येऊ नये, असा बाणा.

मोडीवाचक

निशाचर, कबुलीचा मुद्दा बिनतोड. कॅडफेलच्या मवाळपणाबद्दलही वाद नाही. पण त्या मवाळपणाला एक कारण गोष्टीतच आहे. त्याच्या हाती अधिकार काहीच नाही. तो ना न्यायाधीश, ना शेरीफ (राजाचा परगण्यातला अंमलदार). मठाबाहेर पाऊल टाकायचं तर ॲबटची, म्हणजे मठाधिपतीची, परवानगी लागते. म्हणून तो गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करायचं की नाही, हे दर वेळी नव्याने ठरवतो, आणि कितीदा तरी करत नाही. अधिकार असलेल्या माणसाला ही मुभा नसते. त्याचा दोस्त ह्यू बेरिंगर शेरीफच्या कचेरीतला, तो काही गोष्टी मुद्दाम विचारतच नाही. त्या दोघांमधलं न बोललेलं सगळं मला फार आवडतं.

काढा_चूर्ण

आमच्या धंद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. कॅडफेलचं तिसरं, 'मंक्स हूड' (१९८०). मंक्स हूड म्हणजे आपल्या बचनागाचा युरोपातला भाऊ. कॅडफेल त्याच्या मुळीचं तेल करतो, आखडलेल्या सांध्यांवर चोळायला. मठाच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या साधूंच्या पाठी-खांदे त्याने मोकळे होतात. तेच तेल कुणीतरी एका यजमानाच्या जेवणातल्या पदार्थात मिसळतं. म्हणजे खुनाचं हत्यार तपास करणाऱ्याच्याच हातचं! पहिला संशय जातो सावत्र मुलावर.

लेखिकेने लक्षणं चोख लिहिली आहेत. बचनागाची विषबाधा एकदा बघितली की विसरत नाही. आधी ओठ आणि जीभ चुरचुरतात, मग मुंग्या, मग बधिरपणा घशाकडे उतरतो, उलट्या, हातपाय गार, आणि नाडी अशी चालते की बोट ठेवणाऱ्यालाच धडकी भरावी. माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो, हे सगळ्यात वाईट. कातडीतूनही ते शोषलं जातं, तेव्हा चोळणाऱ्याने हात धुणं आणि फुटलेल्या कातडीवर न लावणं हे कॅडफेल बजावतो ते अगदी बरोबर.

आपल्याकडे हेच मूळ गोमूत्रात भिजवून शोधन करून औषधात जातं. घरोघरी तापावर घेतात ती त्रिभुवनकीर्ती आठवा, तिच्यात शुद्ध बचनाग असतो. यादवकाळातल्या एखाद्या वैद्याने शोधन अर्धवट ठेवलं तर? चूक की खून, हे कोण ठरवणार? पंचनाम्याला आत्ताही प्रयोगशाळा लागते. तेव्हा फक्त एकच पुरावा: ज्याने चव बघितली त्याची जीभ.

गवतीचहा

काढा_चूर्ण, आमच्या घरी त्रिभुवनकीर्तीची बाटली आहे आणि मी आत्ताच तिच्याकडे वळून बघितलं. :)

काढा_चूर्ण

घाबरू नका. पण मनाने घेऊही नका. वैद्याला विचारून.

सेव्हर्नकाठी

मी वेस्ट मिडलंड्समध्ये राहते, श्रूझबरी आमच्यापासून फार लांब नाही, पाहुणे आले की नेतेच. कॅडफेल वाचून जाणाऱ्यांची पहिल्यांदा निराशा होते, म्हणून सांगून ठेवते. नदी गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, इंग्लिश ब्रिज ओलांडला की मठ. म्हणजे उरलंय ते चर्च. तेही १०८३मध्ये रॉजर द मॉन्टगोमेरीने स्थापलेल्या मठाचं, जाडजूड गोल नॉर्मन खांब अजून उभे आहेत. बाकी मठ आठव्या हेन्रीच्या काळात मोडला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच्या आवारातून सरळ रस्ता काढला. कॅडफेलची बाग कुठे असेल म्हणून बघायला जावं तर गाड्या जाताहेत.

पण रस्ता ओलांडा. पलीकडे गाड्या लावायच्या जागेपाशी एक दगडी कोरीव सज्जा एकटाच उभा आहे, ना भिंत, ना छप्पर. साधू मुकाट्याने जेवत असत तेव्हा एकाने वर उभं राहून धर्मग्रंथ वाचायचा, ती ही जागा. भोजनगृह गेलं, वाचणाऱ्याची जागा राहिली.

चर्चमध्ये संत विनिफ्रेडच्या समाधीचा एक दगडी तुकडाही आहे. ११३८मध्ये याच मठाच्या लोकांनी वेल्समधल्या ग्विदरिन गावातून तिच्या अस्थी इथे आणल्या, हे खरं घडलेलं. प्रायर रॉबर्ट हाही खराच, त्याने त्यावर लॅटिनमध्ये लिहूनही ठेवलंय. मठाला एखादा संत हवा होता, म्हणजे यात्रा, म्हणजे उत्पन्न. पहिली कादंबरी त्यावरच आहे आणि शेवटी त्या अस्थींचं जे होतं ते सांगून मी कुणाचा विरस करणार नाही. गवतीचहा, म्हणून पहिल्यापासून सुरू करा. पुढच्या पुस्तकांत त्या पेटीसमोर कुणी गुडघे टेकले की तुम्हाला आणि कॅडफेललाच खरी गोष्ट माहीत असते.

डेरेक जॅकोबीने कॅडफेल केलेली टीव्ही मालिका चांगली आहे, पण ती चित्रित झाली हंगेरीत. आमच्या इकडच्या लोकांचा अजून राग गेलेला नाही.

शिरस्तेदार

न्यायालयाच्या नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळे मला या पुस्तकांत खुनापेक्षा कामकाज जास्त आवडतं. इंग्लंडात ११९४मध्ये कॉरोनर नावाचा अधिकारी नेमला गेला. अकस्मात मृत्यू झाला की त्याने जाऊन प्रेत बघायचं, गावच्या लोकांना उभं करून जबान्या घ्यायच्या. वाचणाऱ्याला वाटेल, वा, न्यायाची केवढी चाड! मुळात तो राजाच्या तिजोरीचा माणूस. मेलेला माणूस नॉर्मन असेल आणि मारेकरी सापडला नाही तर त्या टापूवर दंड. आणि मेलेला इंग्रज होता हे गावाने सिद्ध केलं नाही तर तो नॉर्मनच धरायचा! हा दंड १३४०पर्यंत चालू होता. ज्या वस्तूने मृत्यू आला, गाडी असो की घोडा, तीही सरकारजमा. मग गावकरी काय करत असतील? रात्रीत प्रेत उचलून शेजारच्या हद्दीत. रहस्यकथाकाराला आणखी काय पाहिजे? गुन्हा एकाचा, पुरावा हलवणारं अख्खं गाव, आणि त्यांच्यात एकही खुनी नाही.

बर्नार्ड नाइट यांच्या क्राउनर जॉन मालिकेत हे सगळं आहे. ते स्वतः शवविच्छेदनतज्ज्ञ होते, त्यामुळे जखमांचं वर्णन जेवताना वाचू नये. कथानक ११९४चं डेव्हन. लिखाण थोडं रुक्ष, पण कायदा पक्का.

आपल्याकडचं विचाराल तर तर्काची परंपरा होतीच. चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत पोचवून दिला की जबाबदारी त्या गावची. त्यांनी तो पुढे तिसऱ्याच्या शिवेत नेऊन दाखवायचा, नाही तर चोर द्यायचा किंवा भरपाई. म्हणजे पाऊलखूण हा पुरावा म्हणून चालत होता, आणि शिवेवरच्या दोन गावांची त्या खुणेवरून हमरीतुमरी व्हायची. धूर्त चोर शिवेवरूनच मागे फिरणार, उलट्या वहाणा घालणार.

आणि हेच लोक गोतसभेत, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेत, वाद सुटला नाही की दिव्य करायला लावायचे. उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा बोटांनी काढायचा, हात थैलीत बांधून मोहोर करायची, दिवस गेल्यावर उघडून बघायचं. तिकडच्या तापल्या लोखंडाची नि याची रीत किती सारखी बघा. मोहोर कुणाच्या ताब्यात होती, मधल्या रात्री थैलीला कुणी हात लावला, एवढ्यावर एक कथा होते. शास्त्राधार हवा असेल तर याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं आहेत: तुला, अग्नी, जल, विष, कोश. तिच्यावरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने लिहिली कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, म्हणजे कॅडफेल तरुण असतानाच्या आसपास. त्यात हेही आहे की साक्ष, लेख, भोगवटा असं मनुष्याच्या हातचं प्रमाण असेल तर दिव्यापर्यंत जाऊच नये. तुमचा नायक तिथे उभा करा, मोडीवाचक. दिव्याची तयारी चाललीय, तेल तापतंय, आणि याच्याकडे तेवढ्या वेळात मानवी प्रमाण आणायची मुदत.

निशाचर

शेवटचं वाक्य कुणीतरी चोरा. मी चोरणार होतो पण सगळ्यांनी वाचलं.

पोथीनिष्ठ

*इशारा : इकोच्या पुस्तकाचा रहस्यभेद आहे. वाचायचं असेल तर पुढची प्रतिक्रिया उघडू नका.*

इकोच्या युक्तीबद्दल एक शंका खूप दिवस मनात आहे. खून कसा होतो? ॲरिस्टॉटलच्या हरवलेल्या, विनोदावरच्या ग्रंथाच्या पानांना विष, पानं एकमेकांना चिकटलेली, वाचणारा बोट जिभेला लावून पान उलटतो, आणि वाचत वाचत मरतो. अप्रतिम. लोभी वाचकालाच मारणारं विष.

आता हीच युक्ती आपल्या मठात करा. जमत नाही! पोथी बांधलेली नसते. सुटी पानं, दोन पाट्यांमध्ये, वर कापडाचं बस्तान. पान उचलायचं आणि पलीकडे पालथं ठेवायचं, दोन्ही हातांनी. आणि ग्रंथाला थुंकी लावणार कोण? उष्टं झालं की. आमच्या घरी पोथी वाचताना आजोबांच्या शेजारी पाण्याची वाटी असायची, गंधाची असायची, पण बोट तोंडाकडे गेलेलं मी पाहिलेलं नाही. सोवळ्याने खून टळला असता.

म्हणजे इथे मारेकऱ्याला दुसरं काही शोधावं लागेल. वाटीतलं पाणी. गंध उगाळायची सहाण. बस्तानाच्या गाठीतला काटा. गाठ सोडताना दात लावतात, हेही मी पाहिलंय.

संपादक_फळी

रहस्यभेदाचा इशारा दिल्याबद्दल आभार. बाकीच्यांनीही हे पाळावं.

अर्धविराम

युरोपच्या बाहेर पण या. रॉबर्ट व्हॅन गुलिक हा डच मुत्सद्दी, १९५०च्या आसपास काही काळ दिल्लीतही होता. त्याने एक जुनी चिनी तपासकथा १९४९मध्ये इंग्रजीत आणली आणि मग स्वतःच न्यायाधीश डीच्या कादंबऱ्या लिहिल्या. डी रन-चिए हा खरा माणूस, सन ६३० ते ७००, तांग काळातला अंमलदार. गंमत अशी की जुन्या चिनी कथांमध्ये गुन्हेगार कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि अधूनमधून भूत येऊन साक्ष देतं. गुलिकने ती दोन्ही चाकं बदलली. कपडे-चालीरीती मात्र तांगच्या न ठेवता बऱ्याच नंतरच्या, मिंग काळच्या ठेवल्या, कारण मिंगकाळी लिहिणारे तसंच करत.

तिथेही कबुलीशिवाय शिक्षा नाही. डीला गुन्हेगार कळला तरी भागत नाही, त्याच्या तोंडून ते वदवावं लागतं.

आणि ज्यांना वाटतं की तेव्हा प्रेताची शास्त्रोक्त तपासणी नव्हतीच, त्यांच्यासाठी सुंग त्स. चीनमधला न्यायाधिकारी, १२४७मध्ये त्याने प्रेततपासणीवर पुस्तक लिहिलं. त्यातली विळ्याची हकिकत अशी: रस्त्यालगत एक माणूस मारलेला सापडतो, अंगावर दहाएक वार, सगळे विळ्याचे. कपडे-चीजवस्तू जागच्या जागी, म्हणजे चोर नव्हे, वैरी. तपासणारा आसपासच्या सगळ्यांना विळे घेऊन बोलावतो, जमिनीवर ओळीने मांडायला लावतो. दिवस उन्हाळ्याचे. सगळे विळे स्वच्छ धुतलेले. थोड्या वेळाने माश्या येतात आणि एकाच विळ्यावर बसतात. डोळ्याला न दिसलेलं रक्त माशीला कळलं. विळ्याचा धनी तिथेच पाय धरतो. १२४७, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव कृष्णदेव गादीवर.

मोडीवाचक

अर्धविराम, यादवांवर आणून सोडलंत ते बरं केलंत. इथे आपल्याकडे तयार माल पडलाय आणि कुणी हात लावत नाही.

लीळाचरित्र घ्या. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट रिद्धपुरात बसून आठवणी गोळा करायला लागतो. कसा? ज्याने पाहिलं त्याच्याकडे जायचं, गावोगाव फिरायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं, नागदेवाचार्यांना दाखवून पक्कं करायचं. पुढे मूळ प्रत धामधुमीत गेली आणि शिष्यांनी पाठ असलेलं पुन्हा जुळवलं. तिथे ज्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत त्या दडपल्या नाहीत. अमक्याची वासना (म्हणजे आठवणीतला पाठ) अशी, तमक्याची तशी, म्हणून शेजारी शेजारी ठेवल्या. साक्षीपुराव्याची इतकी प्रामाणिक शिस्त तेराव्या शतकातल्या मराठीत आहे, आणि आपण तपास करणारा माणूस बेकर स्ट्रीटवरून मागवतो!

वर गुप्त लिप्या. महानुभावांनी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी किल्ली शोधेपर्यंत बाहेरच्याला ते वाचता येत नव्हते. इकोला हे कळलं असतं तर त्याने इटली सोडलं असतं. आणि खलनायकाच्या जागी कुणाला बसवायचं हा प्रश्नही नाही: महानुभाव परंपरा हेमाद्रीकडे बोट दाखवते, बाकीचा महाराष्ट्र त्याच्या नावाने देवळं ओळखतो. असा दोन्ही बाजूंनी उजेड पडणारा श्रीकरणाधिप (यादवांच्या दप्तराचा मुख्य) कादंबरीत किती चालेल विचार करा.

गवतीचहा

फक्त यादवांच्या सैनिकाला भाकरी-ठेचा देऊ नका हो. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. एका ऐतिहासिक कादंबरीत तेराव्या शतकातली नायिका शेंगदाण्याची चटणी वाटत होती, तिथे मी पुस्तक मिटलं. मिरी, आलं, चिंच आहे की तिखट-आंबटाला!

अर्धविराम

आणि वेळ घटकेत मोजा. 'साडेदहाला मी घरी होतो' चालणार नाही. घटिकापात्र बुडायला २४ मिनिटं. ते बघणारा माणूस डुलकी काढत असेल तर साऱ्या गावाची साक्ष कोसळते. मठांत उलट सोय असते, प्रार्थनेला जागा रिकामी दिसली की चौकशी सुरू.

जाता जाता, मधुलिका लिडल यांचा मुझफ्फर जंग शाहजहानच्या दिल्लीतला आहे, पहिलं पुस्तक २००९चं. काळ उशिराचा, पण हा कुलीन माणूस कॉफीचा शौकीन असतो ते मला पटलं.

सह्यकडा

देवगिरीचा विषय आहे आणि मिठाच्या गोण्या कशा कुणी काढल्या नाहीत? १२९६. अल्लाउद्दीन अचानक येतो, रामदेवरावाचं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. राजा घाईने किल्ल्यावर जातो. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या खाली पडलेल्या असतात, लोक धान्य समजून त्या वर चढवतात. वेढा पडल्यावर उघडून बघतात तर मीठ. उपासमारीच्या भीतीने तह. फिरिश्त्याने ही हकिकत लिहिली आहे. तो विजापूरच्या आदिलशाही दरबारातला, घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा, तेव्हा खरी किती हा भाग वेगळा. पण शाळेपासून ऐकतोय आणि कुणाला प्रश्न पडत नाही: खरंच घोटाळा झाला की कुणी केला?

मोंढेकरी

इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही. आमची आडत आहे, तीन पिढ्या.

घोटाळा होणं शक्य नाही. त्याच मापाच्या गोणीत ज्वारी भरा आणि मीठ भरा, मिठाची गोण दीडपटीच्या घरात जड होते. हमालाला डोळे बांधून उभा करा, खांद्यावर गोण पडताच तो सांगेल आत काय आहे. वजनाने नाही सांगितलं तर आवाजाने. ज्वारी खांद्यावर सळसळते, आणि माल मानेभोवती बसतो. मीठ बसत नाही, ठोकळ्यासारखं रुततं. शिवाय घाम आलेल्या मानेला मिठाची गोण घासली की अशी आग होते की माणूस शिव्या घालत चढेल. मिठाला पाणी सुटायला पावसाळा नव्हता म्हणता, तरी बारदानावर पांढरे डाग राहतातच.

देवगिरीची चढण मी चढलोय. रिकाम्या हाताने धाप लागते. त्या वाटेने शेकडो गोण्या वर गेल्या आणि एकाही वाहणाऱ्याला कळलं नाही, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. त्यांना कळलं होतं. मग ते बोलले का नाहीत?

निशाचर

बोलले असतील.

शिरस्तेदार

निशाचर म्हणतात तेच. बोलले असतील आणि कोठीवाल्याने हाकलून दिलं असेल. हमालाची साक्ष कोठीवाल्याच्या लेखापुढे टिकायची नाही. वहीत 'धान्य, इतक्या गोण्या' अशी नोंद झाली की ते धान्यच. मिताक्षरेतलं लेखप्रमाण! तपास करणाऱ्याने वर जाऊन गोण्या बघायच्या नाहीतच. खाली येऊन माना बघायच्या. कुणाच्या मानेला मिठाची चिघळ आहे, त्याला विचारायचं कुणाला सांगितलंस.

काढा_चूर्ण

घासलेल्या कातडीवर मीठ बसलं तर दोन-तीन दिवस लाली नि चिरा राहतात. औषध मागायला वैद्याकडेच येतील. तुमचा तपास करणारा वैद्य असू द्या, माना आपोआप दाखवायला येतात.

सेव्हर्नकाठी

मग तो कॅडफेलच झाला की हो!

मोडीवाचक

होऊ दे. पण याला मठ नाही, ॲबट नाही, किल्ल्यावर वेढा आहे आणि राजा तहाच्या बोलणीत. गुन्हा सिद्ध केला तरी ऐकणार कोण आणि तोवर कोण जिवंत असणार. मोंढेकरी, पहिलं प्रकरण तुम्हीच लिहा. हमालांच्या तोंडून. भाषा आम्ही सांभाळून घेऊ.

मोंढेकरी

सध्या तुरीची आवक आहे, जेवायला सवड नाही. पण एक ठरवून टाका, गोण्या वाहणाऱ्यांची मजुरी वर पोचल्यावर मिळणार होती की खालीच दिली होती? खाली दिली असेल तर देणारा माझ्या संशयात पहिला.